तिसरा माणूस

धामणकर नाक्यावरून काल्हेरला जाणाऱ्या शेअर रिक्षात रोज सकाळी मी पहिला असतो. रिक्षा भरेपर्यंत रिक्षावाले काका हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसतात. मला वाटायचं, डुलकी काढतायत. एकदा विचारलंच.

"मैत्रीभावना करतो," ते म्हणाले. "विहारात शिकवलीय. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं, मग आपल्या माणसाचं. तिसरा, ज्याच्याशी आपलं काय देणंघेणं न्हाय असा. शेवटी वैरी."

"तिसरा कोण धरता?"

"तुम्हीच हाव की. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं हा माणूस रोज माझं भलं चिंतत होता आणि मी मागे बसून, ड्युटीला उशीर होतो म्हणून, मनात त्याला शिव्या घालत होतो. निदान ओळख तरी करून घ्यावी म्हणून मी हात पुढे केला.

"नाव सांगू नका, साहेब," ते घाईने म्हणाले. "ओळख झाली की माया लागते. मग तिसरा माणूस नवा शोधावा लागंल."

तेव्हापासून मी गुपचूप बसतो. काल मला खोकल्याची उबळ आली.

"औषध घेतलं का?" काकांनी डोळे न उघडताच विचारलं, आणि लगेच जीभ चावली.