उघडा घोडेस्वार

मला जुनी लष्करी पदकं जमवायचा नाद होता. पदकाच्या कडेला शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्यावरून माणूस हुडकायचा. बायको म्हणायची, "जिवंत माणसांचीही विचारपूस करा की कधी." मी कानाआड करायचो.

बहात्तरच्या दुष्काळात लोक घरातली चांदी मोडायला निघाले. मी तिसगावच्या एका सोनाराला बजावलं, पदक आलं तर वितळवू नका, बदल्यात मी चांदी देतो. दिवाळीनंतर एक मिळालं, पहिल्या महायुद्धातलं. एका बाजूला बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी देऊन मी ते घेतलं. कुणाचं म्हणून विचारलं, तर सोनार म्हणाला, "मोडीत आलंय."

नगरला पेन्शनच्या जुन्या याद्या चाळल्या. नाव सापडलं. बसऱ्याला मेला, मागे बायको, गाव तिसगावपासून दोन कोसांवर. पदक खिशात घालून मोठ्या फुशारकीने निघालो.

घरचे सगळे दुष्काळी कामावर गेलेले, म्हातारी एकटीच होती. मी तिच्या नवऱ्याचं नाव काढताच तिने पदर सारखा केला आणि मला देव्हाऱ्यापाशी नेलं. देवांच्या रांगेत चांदीचा नवाकोरा टाक होता, घोड्यावर फेटा बांधलेला वीर.

"ह्ये आमचं मालक," ती म्हणाली. "मानूस न्हाई आलं, बिल्ला आला. इतकी वर्सं त्योच पुजला. पन त्याच्यावरला गडी उघडा हो, बाबा. देवात उघडं कसं ठिवायचं? मरायच्या आदी त्येंच्या अंगावर कापडं घालावी म्हनलं. सोनाराला सांगितलं, ह्योच बिल्ला आटव, दुसरी चांदी घालू नगंस. लई भला मानूस, घरी आनून दिला."

तिचा बिल्ला तर माझ्या खिशात होता. सोनाराला शिव्या द्यायलाही तोंड नव्हतं, वितळवू नका म्हणून मीच सांगितलं होतं. खरं बोलावं तर तिचा देव खोटा ठरणार, गप्प बसावं तर चोर मी. पाण्याची एवढी टंचाई, तरी तिने टाकावर पळीभर पाणी घातलं आणि ते तीर्थ माझ्या हातावर दिलं. मी ते प्यालो आणि उठलो.

ती मेल्याचं पुढे कळलं. शेवटपर्यंत ती माझ्या मुलीची वाटी पुजत राहिली, आणि तिचा नवरा माझ्या कपाटात उघडाच राहिला.