हमालाच्या लेकीचं बाळंतपण

देवीलाल राठोडला कोणी कामधंदा विचारला की तो "बाजार समितीत असतो" एवढंच सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, गडी एखाद्या अडत्याकडे दिवाणजी असेल. आता नेरच्या यार्डात तुरीची आणि सोयाबीनची पोती वाहून ज्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलाय, त्यानं असं सांगून काय लपणार? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण हमाल हा शब्द त्याला आवडत नसे, हे खरं. आपण लदेणीवाले, बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर हिंडणारे, असं तो तांड्यातल्या पारावर सांगायचा. तेव्हा ओझं बैल वाहायचे आणि आपले लोक मागून गाणी म्हणत चालायचे. पुढं बैल गेले, गाणी गेली, आणि ओझं तेवढं माणसाच्या पाठीवर आलं, असं त्याचं गाऱ्हाणं होतं.

हमाल या शब्दाशी त्याचा समेट घडवून आणला त्याच्या लेकीनं, आणि तोही मस्कतहून.

ममता त्याची एकुलती एक. यवतमाळला नर्सिंग शिकली आणि नवऱ्याच्या, भारतच्या मागोमाग तिकडे गेली. भारत तिथं इमारतींचं वायरिंग करतो आणि ही एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात असते. तिथं शुक्रवारी सुट्टी, म्हणून तिचा फोन शुक्रवारी यायचा. वॉर्डातल्या सालिमा नावाच्या थोरल्या नर्सकडून ती अरबी शिकत होती. कळा देणारी बाई काही इंग्रजीत ओरडत नाही, असं ती म्हणायची. आणि आठवडाभर जे शिकली ते शुक्रवारी बापाला ऐकवायची. ऐकवायला आई नव्हती ना.

"बा, यायच्या भाषेत गंमत हाये," एका शुक्रवारी ती म्हणाली. "तीन अक्षरं घ्याची. तेच मूळ. त्याले मागंपुढं काही जोडलं की शब्दाचं खटलंच्या खटलं उभं राह्यते. आता हे पाय, ह, म, ल. याचा अर्थ उचलणं, वाहून नेणं. मंग वाहणारा कोण? हम्माल."

"मंजे आपलाच हमाल?"

"आपलाच. तिकडूनच आला फिरत फिरत. अन् जे वाह्यलं ते महमूल. शत्रूवर चाल करून जाणं, तो हमला. अन् सोसणं, दम धरणं, त्याले तहम्मुल. आमच्या वॉर्डात दिवसभर तेच चालते. बाई कळा देते अन् सालिमा तिच्या कपायावर हात ठेवून म्हणते, तहम्मली, तहम्मली. सोस बाई, सोस."

देवीलालला मजा वाटली. जो शब्द तो आयुष्यभर तोंडातल्या तोंडात गिळत आला, त्याचं एवढं मोठं घराणं असेल हे त्याला कुठं ठाऊक होतं.

"आणखी एक शब्द हाये त्यातलाच," ममता म्हणाली आणि थांबली. "पोटुशी बाई असते ना, बा, तिले हामिल म्हणतात. तेबी ओझंच वाहते ना." मग हळूच म्हणाली, "मी हामिल हाये, बा."

आमच्याकडे लेक अशी गोष्ट बापाला सांगत नाही. ती आईच्या कानात सांगते, आणि बापाला ती दोन-चार दिवसांनी घरातल्या कुजबुजीवरून कळते. ममताला कुजबुजायला घरात कोणी उरलं नव्हतं. मराठीत सांगायला जीभ रेटली नसती, तांड्याच्या गोरबोलीत तर नाहीच नाही. त्या परक्या शब्दाच्या आडोशानं तिनं सांगून टाकलं. देवीलालनं "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि पदर नसलेल्या माणसानं डोळे कशानं पुसावेत, म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसले.

दुसऱ्या दिवशी यार्डात चहा पिताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हमाल अन् गर्भार बाई एकाच खानदानातले हायेत, माहीत हाये काय तुमाले?"

"मंग देवीलाल, तुले कितवा लागला?" एकानं विचारलं. सगळे हसले. त्यात सगळ्यात जास्त देवीलालच हसला.

ठरलं असं की सातव्या महिन्यात ममता यायची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माहेर म्हणजे दोन खोल्या आणि एक बाप. थोरली भावजय सुखीबाई शेजारीच राहायची. ती म्हणाली, "बाप माणूस कुठं बाळंतपण करते काय? हसतीन लोकं."

"हसू दे ना. तू सांगत जा, मी करतो."

आणि त्यानं खरंच केलं. डिंक तळताना पहिल्या खेपेला कोळसा झाला. आळिवाचे लाडू एवढे कडक की सुखीबाई म्हणाली, याच्यानं बाळंतीण उठायची नाही, भिंत उभी राहील. पण हळूहळू हात बसला. त्यानं न्हाणीला फरशी बसवली, शेकायला नवी शेगडी आणली, आणि सुखीबाईच्या नातवाच्या अंगाला तेल लावून लावून हाताचा राठपणा किती कमी होतो ते बघू लागला. नातू मात्र त्याला पाहिलं की रडायचा.

शुक्रवारी तो लेकीला चालायला शिकवायचा. "पाठ वाकवू नको. वजन कमरेवर घे. पावलं लहान टाक. अन् बसताना धपकन बसू नको, ओझं ठेवतो तसं ठेव सोताले." दिवसभर बाळंतिणींना हेच सांगणारी ममता गुमान ऐकून घ्यायची. कधी मध्येच म्हणायची, "बा, आणखी सांग." तिला त्याचा आवाज हवा असायचा. आणि फोन ठेवल्यावर देवीलाल अंगणात उभा राहायचा, मावळतीकडे तोंड करून. मस्कत त्याच बाजूला आहे, एवढा भूगोल भारतनं त्याला शिकवला होता. घरात सगळं होतं, फक्त लेक नव्हती, आणि ते नसणं त्याला भुकेसारखं लागायचं.

सहावा सरत आला आणि ममताचा फोन शुक्रवार नसताना आला.

"बा, रक्तदाब वाढला माह्या. डॉक्टर म्हणते, जायचं असन तर याच आठवड्यात जा, मंग विमानात घेणार नाहीत. राहशीन तर इथंच, आमच्या नजरेखाली. भारत म्हणते, तू ठरव. मले काही समजत नाही." मग लहान मुलीसारखी म्हणाली, "मले घरी याचं हाये, बा. तू म्हणशीन तर मी येते."

देवीलालच्या ओठांवर "ये" आलेलंच होतं. पण त्याला यार्डातली एक गोष्ट आडवी आली. नवीन हमालाला पहिल्या दिवशी एकच शिकवतात. पोतं पाठीवर आलं की वाट बदलायची नाही. कोणी ओरडून सांगितलं, इकडची थप्पी जवळ आहे, तरी वळायचं नाही. जिथं जायचं ठरवून उचललं तिथंच उतरवायचं. वळताना माणूस मोडतो. देवीलालनं हे कितीकांना शिकवलं होतं, आणि स्वतः एकदाच मोडलं होतं. बायकोच्या, जमनीच्या, दुसऱ्या खेपेला, ममता पहिलीत असताना. कळा अडल्या तेव्हा चौघांनी खाट खांद्यावर घेऊन नेरच्या रस्त्याची वाट धरली होती. अर्ध्यात कोणीतरी म्हणालं, शेजारच्या गावात जीप उभी आहे. देवीलालनं खाट वळवली. जीप नव्हती. परत नेरच्या वाटेला लागेपर्यंत खांद्यावरची जमनी गप्प झाली होती, आणि तिच्या पोटातलंही.

"बा? आयकून राह्यला ना?"

"येऊ नको," देवीलाल म्हणाला.

"काहून?"

"तिथं डॉक्टर हायेत, सालिमा हाये. अर्ध्या वाटेत वळाचं नाही, बाई. जिथं हायेस तिथंच सुखरूप उतर."

ती रडली. त्यानं रडू दिलं. तू काय रडतेस, मी इथं रोज लाडू वळतो ते कोणासाठी, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. तो म्हणाला, "तहम्मली." उच्चार धड आला नाही, पण पोचला.

त्याला स्वतःला तिकडे जाता आलं असतं, तर तो पायी निघाला असता. पासपोर्टसाठी खटपट केली, पण जन्माचा पुरावा जुळेना. लाडू मस्कतला निघालेल्या उमरखेडच्या एका ओळखीच्या पोराबरोबर पाठवले. विमानतळावर त्यातले निम्मे बाहेर काढून ठेवावे लागले म्हणे. उरलेले पोचले. ममतानं एक खाल्ला आणि फोन करून सांगितलं, "कडक झाले, बा." आणि दोघंही हसले, पण ती दुधाची तहान ताकावर होती.

दिवस भरायच्या थोडं आधीच मुलगी झाली. भारतनं फोनवर दाखवली. देवीलाल अंगणात, बाजूला सुखीबाई, तिच्या मागे अर्धा तांडा. पडद्यावर ममता, सुजलेल्या तोंडाची, आणि तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं एक लालबुंद गाठोडं.

"वजन किती?" देवीलालनं विचारलं. दुसरं काही त्याला सुचलंच नाही.

"अडीच किलो, बा."

"अडीच." त्यानं आपले दोन्ही हात पाहिले. "क्विंटलाचं पोतं उचलत आलो मी जनमभर. अन् हे अडीच किलो..." सुखीबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तिकडे ममता दमली होती. बाळाला पाळण्यात ठेवायला ती वळली.

"नको, नको, खाली ठेवू नको तिले," देवीलाल घाईनं म्हणाला. "हात दुखत असन तरी धर जराशी. मले पाहू दे."