मेंदूच्या थरांचे रंगीत फोटो

मी विज्ञान शिकवतो. एकदा हौसेने मी पुण्याच्या एका संशोधन केंद्रात तासभर मोठ्या एमआरआय मशीनमध्ये पडून बोटं हलवली होती. मेंदूच्या वरच्या आवरणातला कोणता थर केव्हा काम करतो, ते त्यांना बघायचं होतं. "यावरून कोणाची हुशारी कळत नाही," तिथल्या संशोधक बाईंनी बजावलं होतं.

म्हणूनच मुकुटबनजवळच्या आमच्या शाळेत कुठल्याशा कंपनीचा एक टायवाला पोरांच्या डोक्याला पट्टा बांधून 'मेंदूच्या थरांचे' रंगीत फोटो वाटू लागला, तेव्हा मला किळस आली. सातवीतल्या एका मुलीच्या बापाला तो म्हणाला, "वरचा थर कमजोर आहे. हिला सायन्स जमणार नाही."

मी तिचा फोटो दुसऱ्या मुलाच्या फोटोवर ठेवून खिडकीपाशी धरला. दोन्ही हुबेहूब सारखे होते, फक्त नावं वेगळी. मी ते सगळ्यांना दाखवलं. टायवाला निर्लज्जपणे हसला.

बाप माझ्यावरच चिडला. "सर, मशीन खोटं कायले बोलन? तुमी काहून आडवे येऊन राह्यले?"

मुख्याध्यापकांनी टायवाल्याला चहा पाजला. माझ्यापुढेही कप आला, पण मला तो हातातही घेववेना.

दुसऱ्या दिवशी, एरवी पहिल्या बाकावर बसणारी ती मुलगी माझ्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसली.