ताप नाही, म्हणून मलेरिया नाही

"सर, मशीन म्हणते मलेरिया नाही," मेश्राम म्हणाला. हा माझा चिमूरचा इंटर्न. पेशंट बाई बाकावर ग्लानीत पडली होती. हाक मारली की जेमतेम डोळे उघडायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आलापल्लीकडच्या एका दवाखान्यात मी इंटर्न पोरांना एक्स्पर्ट सिस्टीम शिकवत होतो. तेव्हाचं आर्टिफिशियल इंटेलिजन्स ते हेच. मोठ्या डॉक्टरांचे नियम कॉम्प्युटरात भरायचे. तो प्रश्न विचारतो, आपण 'हो' किंवा 'नाही' दाबायचं, शेवटी तो आजार सांगतो. पोरं जाम खूश. पेशंटकडे पाठ आणि स्क्रीनकडे तोंड! माझं डोकंच फिरायचं.

"ताप आहे का, याला काय दाबलंस?"

"नाही. थर्मामीटर नॉर्मल आहे, सर."

झालं! ताप नाही म्हटल्यावर मशीनने मलेरियाचं पुढचं काही विचारलंच नाही. ॲनिमिया सांगून मोकळं. मी बाईचं पोट दाबलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, चांगलीच वाढलेली. ही मलेरियाची ठळक खूण.

"अरे, आधी रक्ताची स्लाइड घे!" मी ओरडलो आणि तिच्या नवऱ्याकडे वळलो. "भाऊ, घरी ताप होता का?"

"होता नं सायेब! लई हिव भरे. अंग असं उडे का खाटेवर राहे नाई. खाट खांद्यावरून जंगलातून आणतानी पडली असती नं. म्हणून थांबलो. ताप उतरला, मंग निघालो."

इकडे सगळे असेच आणतात. म्हणजे दारात पोचेपर्यंत पेशंटचा ताप उतरलेला. शहरात बसून नियम लिहिणाऱ्यांच्या हे गावीही नव्हतं.

स्लाइडमध्ये जंतू खच्चून भरलेले. मलेरिया मेंदूत गेला होता. क्विनाइनची सलाइन लावली, पण झटके सुरू झाले. संध्याकाळच्या आत ती गेली.

प्रोग्रामवाले साहेब त्या दिवशी पाहणीला आलेले होते. म्हणाले, "डॉक्टर, प्रोग्राम बरोबरच चालला. त्यात चूक नाही."

"थर्मामीटरचीही नाही, साहेब. मग बाई मेली कशी?"

मला त्यांचा भयंकर राग आला.

मेश्राम कीबोर्डकडे वळला. "सर, नवा नियम टाकतो. आधी ताप येऊन गेला का, असं विचारायचं."

"टाक. पण आधी बाहेर जा. तिच्या नवऱ्याला तू सांग."

तो व्हरांड्यात गेला. नवरा लगबगीनं उठला.

"जागी झाली का, सायेब?"

मेश्रामनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडलो नाही. हे काम मशीन करून देत नाही, ते त्याला तिथंच शिकावं लागलं.