इंग्रजीत सांगा, डॉक्टर

माझ्या मामेभावाचा, अविनाशदादाचा फोन आला तेव्हा मी मंठ्याच्या बसस्थानकासमोर पत्रकं वाटत होते. "छाया, आई गेली," एवढंच तो म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही. मागं कुणीतरी बाई रडत होती, कुणीतरी गाडी दारासमोर घ्यायला सांगत होतं... हातातली पत्रकं मी शेजारच्या केळीवाल्याच्या गाड्यावर ठेवली आणि जालन्याची बस धरली. सुमनमामी जाणार हे आम्हाला माहीत होतं. मुख्य म्हणजे मामीला माहीत होतं. एवढं एक वाक्य लिहिण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे, कारण ते वाक्य कुणाला ऐकायचं नाही.

तेराव्याला पंगत उठल्यावर बायका बसल्या होत्या. एक काकू म्हणाल्या, "येक बरं झालं, बिचारीला शेवटपर्यंत काई कळू दिलं न्हाई पोरानं. सुखानं गेली." दुसरी म्हणाली, "लई गुणाचं पोरगं." मी पत्रावळी उचलत होते. मी म्हटलं, "काकू, तिला सगळं माहीत होतं." "कोनी सांगितलं?" "डॉक्टरांनी. तिनं विचारलं होतं." मग एकीनं मठ्ठा आंबट झाल्ता, असा विषय काढला आणि सगळ्या त्यावर बोलू लागल्या. गेलेल्या माणसाबद्दल गोड खोटं बोलायची आपल्याकडं रीत आहे. मला ती मान्य नाही. मामीलाही नव्हती.

मामी म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या भावाची बायको. मामाची शेती मंठ्याकडं. अविनाशदादाच्या शाळेसाठी त्यांनी जालन्यात बिऱ्हाड केलं, आणि टेंभुर्णीहून मी कॉलेजला आले ती त्यांच्याच घरी राहिले. मामी सातवीपर्यंत शिकलेली, हिशोबाला पक्की, जिभेला तिखट. पण दवाखान्यात शिरली की तिचा आवाज जायचा. मामा आजारी पडले तेव्हा मी बघितलंय. रोज सकाळी डॉक्टरांचा घोळका यायचा, पलंगाभोवती उभा राहून इंग्रजीत बोलायचा, आणि जाताना त्यातला एकजण मामीकडं वळून विचारायचा, "समजलं ना?" मामी मान हलवायची. मामा गेल्यावर भेटायला आलेले लोक विचारत, काय झालं होतं? ती सांगे, "पोटात पाणी झाल्तं." कुणी खोदून विचारलं की उठून आत जाई. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "छाया, माझा नवरा कशानं मेला ते मला म्हाईत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं न्हाई म्हनून न्हाई. मी इचारलंच न्हाई. त्यानं समजलं का म्हनलं, मी हो म्हनले."

त्याच सुमाराला आमच्या गावाजवळ येऊ घातलेल्या एका कारखान्याची सुनावणी झाली. अहवाल इंग्रजीत. साहेबांनी तो इंग्रजीतच वाचला आणि विचारलं, कुणाला काही शंका? आम्ही घोषणा दिल्या. घोषणेची नोंद होत नाही, प्रश्नाची होते, हे मला तिथं कळलं. मग मी जुन्या जालन्यात, एका कापड दुकानावरच्या माडीवर चालणारा शेख सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. मामी म्हणाली, "मी बी येते." दादा पुण्याला नोकरीला, मामा नाहीत, तिला विरंगुळा होईल, असं मला वाटलं. चुकीचं वाटलं.

पहिल्या दिवशी सर प्रत्येकाला उभं करून ओळख करून द्यायला लावत होते. माय नेम इज, आय ॲम फ्रॉम, माय हॉबी इज... मामीची पाळी आली. उभी राहिली, पदर नीट केला आणि मराठीतच म्हणाली, "सर, माझ्याबद्दल मला समदं म्हाईत हाय. मला सांगायचं न्हाई, मला इचारायचंय. ते शिकवा." पोरं हसली. सर हसले नाहीत. "किसको पूछना है, मामी?" "डॉक्टरला." "क्या पूछना है?" "ते अजून ठरलं न्हाई. पर येळ आली तर तोंडातून निघायला पाह्यजे."

त्या दिवशी घरी येताना मला जाणवलं की दहावीपर्यंत आम्हाला कुणी इंग्रजीत प्रश्न विचारायला शिकवलंच नव्हतं. प्रश्न छापून यायचे, उत्तरं आम्ही पाठ करायचो. प्रश्न तयार करायचा एकच प्रकार असायचा: एक वाक्य दिलेलं, त्यातल्या दोन-चार शब्दांखाली रेघ मारलेली, आणि ते शब्द उत्तर म्हणून येतील असा प्रश्न बनवायचा. म्हणजे उत्तर आधी, प्रश्न नंतर. याला मी शिक्षण म्हणत नाही. जेवढ्याचं उत्तर समोर ठेवलंय तेवढंच विचारा, ही ताबेदारीची तालीम आहे. हे सगळं मी मामीला तावातावानं सांगितलं. तिनं शांतपणे माझ्याच पिशवीतलं पत्रक काढलं. "तुझं बी तेच हाय की. 'याला जबाबदार कोण?' आसं मोठ्या अक्षरात छापलं, आन् खालच्याच वळीत त्याचं नाव. मंग इचारलं कशाला?" मी तिच्यावर दोन दिवस रुसले होते. आमच्या पत्रकांवरची प्रश्नचिन्हं तेव्हापासून कमी झाली आहेत.

शेख सरांना मात्र मामीनं कामाला लावलं. ओळख मागं पडली, जोड्या लावून प्रश्न सुरू झाले. सर सांगत, "मामी, येस-नो वाला सवाल पूछा तो सामनेवाले को भागने का रस्ता मिलता. ऑल ओके पूछा तो येस बोल के निकल जाता. उसको जगाच नक्को देना. आन् सवाल पूछ के चुप. बिलकुल चुप." शब्द मामीला आले, गप्प बसणं येईना. प्रश्न विचारला की समोरच्याला अवघडू नये म्हणून तीच उत्तर देऊन टाकायची. आपल्या बायकांना हीच सवय लावलेली असते. मग तिनं मोंढ्यात सराव सुरू केला. धान्याच्या दुकानात पोत्यावर हात ठेवून विचारायची, "व्हॉट इज इन धिस बॅग?" दुकानदार म्हणायचा, "ज्वारी हाय मामी, डोळं गेलं का?" "मला दिसती रे. तू इंग्लिशमदी सांग." तो डोकं खाजवत राहायचा आणि ही ओठ मिटून उभी. रिक्षावाल्यांनाही ती कुठून आलात, कुठं चाललात असं इंग्रजीत विचारायची; ते तर तिला लांबून बघूनच ओरडत, "मामी, कमिंग फ्रॉम स्टेशन, गोइंग टू घर, आता बसा." ती पोट धरून हसायची. पण रिक्षात बसल्यावर एकदा म्हणाली, "हे समदं खोटं खोटं हाय गं. ज्वारी हाय हे मला म्हाईतच हाय. म्हाईत न्हाई ते इचारायला छाती लागती."

गेल्या हिवाळ्यात तिचं जेवण तुटलं. पाठीत कळ यायची, डोळे पिवळे झाले. जालन्यातल्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तपासण्या झाल्या, दादा पुण्याहून आला, आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसलो. मामी मध्ये, आम्ही दोन बाजूंना. डॉक्टरांनी कागद उलटले, दादाकडं बघितलं आणि दोघं इंग्रजीत बोलू लागले. भराभर, खालच्या आवाजात. दादाला वाटत होतं की क्लास म्हणजे आईचं गुड मॉर्निंग, थँक्यू. तो म्हणाला, "डॉक्टर, प्लीज, शी शुड नॉट नो." डॉक्टरांनी मान डोलावली. त्या खोलीत 'शी' म्हणजे कोण, हे कळायला कुठला क्लास लागत नव्हता.

मामी म्हणाली, "डॉक्टर, व्हॉट डिड यू फाइंड?"

डॉक्टर दचकले. दादानं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण नजरही हलवली नाही. डॉक्टर हसले, खुर्ची पुढं घेतली आणि मराठीत आले. "मावशी, काही काळजी करू नका. थोडी सूज आहे आतमध्ये. औषधं देतो, होईल सगळं नीट." काय गोड बोलले... इतका वेळ त्या माणसाच्या तोंडात एक मराठी शब्द नव्हता. मामीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मराठी न्हाई डॉक्टर. इंग्लिश. टेल मी इन इंग्लिश."

नंतर याचा मी खूप विचार केलाय. मी मराठी शाळांसाठी मोर्चे काढलेली मुलगी. माझ्यासमोर माझी मामी स्वतःच्या भाषेत बोलू नका म्हणून एका मराठी डॉक्टरला सांगत होती, आणि ती बरोबर होती. त्या खोलीत माहिती इंग्रजीत होती. मराठीत फक्त धीर होता. आपल्या भाषेची ही जागा कुणी ठरवली? याचं उत्तर मला खरंच माहीत नाही.

मामी गप्प बसली. मोंढ्यात बसायची तशी, ओठ मिटून. डॉक्टरांनी एकदा दादाकडं बघितलं, दादानं मान खाली घातली होती. मग डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर, स्वादुपिंडाचा, लिव्हरमध्ये पसरलेला. सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, हेही मी लिहिते. मामीला 'स्प्रेड' कळलं. तिनं विचारलं, "इफ नो ट्रीटमेंट, व्हॉट विल हॅपन?" त्याचंही उत्तर मिळालं. ट्रीटमेंट घेतली तर काय होईल, तेही तिनं विचारलं. दोन्ही उत्तरांत फार अंतर नव्हतं. ती उठली, हात जोडले आणि म्हणाली, "थँक्यू. आता मराठीत बोला, चहा घेतला का सकाळधरनं?"

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की मामी जिंकली. तसं नाही. त्या रात्री दादा स्वयंपाकघरात माझ्यावर धावून आला, "झाली का खूश? तुझ्या चळवळीला माझीच आई सापडली का?" मी म्हटलं, "तिचं शरीर आहे, दादा." तो म्हणाला, "तिचं आयुष्यपण होतं. चार महिने हसत गेले असते." या वाक्याला मी तेव्हा फटकन उत्तर दिलं होतं. आज ते उत्तर मला आठवतही नाही, त्याचं वाक्य आठवतं. कारण मामी हसत नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडायची. मी एकदा विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, "कळलं ते बरं झालं. पर बरं वाटून न्हाई राह्यलं." आणि आणखी एकदा, "न्हाई इचारलं आसतं तर झोप तरी आली आसती." जाणून घेण्याचा हक्क, असं आम्ही पत्रकांवर छापतो. तो मिळाल्यावर माणूस एकटं कसं पडतं, ते छापत नाही.

तरी ती पुन्हा नेणती झाली नाही, व्हायला तयारही नव्हती. मोठी ट्रीटमेंट नको म्हणाली, दुखण्याची औषधं तेवढी घेतली. मंठ्याला बहिणीकडं जाऊन आली आणि तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं; दोघी आडव्या पडून दुपारभर बोलत होत्या. भेटायला येणाऱ्यांना दादा अल्सर सांगायचा. कुणी "व्हशील बरी" म्हटलं की मामी म्हणायची, "न्हाई व्हनार. कॅन्सर हाय. चहा ठिवू का?" लोक घाईनं म्हणत, असं अभद्र बोलू नये. तेराव्याला "कळू दिलं न्हाई" म्हणणाऱ्या काकूंनाही मामीनं हेच सांगितलं होतं, माझ्यासमोर. त्यांनी तेव्हा ऐकलं नाही, आता आठवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मामी पलंगाला खिळली, आणि पुढच्या काही दिवसांत गेली...

मागच्या आठवड्यात दादानं मला बोलावलं. तो पुण्याला परत निघालाय, घराला कुलूप लागणार. मामीच्या साड्या बहिणीकडं पाठवायच्या होत्या. तिची खोली गल्लीकडची. पलंगावरची गादी कुणी गुंडाळलेली नव्हती, उशीला अजून खोबरेल तेलाचा वास होता. साड्या बांधून झाल्यावर दादा पलंगाच्या कडेला बसला. आम्ही त्या स्वयंपाकघरातल्या रात्रीनंतर नीट बोललोच नव्हतो. तो म्हणाला, "छाया, माझ्याबद्दल काय म्हणायची ती?"

मला तिची दोन वाक्यं आठवत होती. एकदा म्हणाली होती, "पोरगं भ्यालंय, त्याला काय बोलू." आणि एका दुपारी, पाठीला उशी लावून बसली असताना, "त्यानं लपवलं याचा राग न्हाई. पर माझ्या शेजारी बसून बोलला, आन् मी तिथं बसलेली त्याला दिसलेच न्हाई." पहिलं सांगून उठता आलं असतं. माझ्या तोंडात तेच आलं होतं, अगदी गोड, मराठीत. दादाचा चेहरा बघून मला त्या डॉक्टरचा राग येईना... मी दोन्ही सांगितली.

तो खिडकीकडं बघत राहिला. गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी साड्यांचं गाठोडं उचलून दाराकडं निघाले, तर त्यानं माझ्या मनगटाला धरून मला पलंगावर बसवलं.

"आणखी?" तो म्हणाला. "आणखी काय म्हणाली?"