नावं काढून पाठवलेले आकडे

दलेंदा माझी धाकटी बहीण. सख्खी. गाबेस शहरात मी टॅक्सी चालवतो; आमच्या तळावर अशी बहीण दुसऱ्या कुणाला असेल तर दाखवा. मी सहावीत शाळा सोडली, पण तिचं काम मला विचारा.

ती सरकारी पाण्याच्या कचेरीत पायथन, म्हणजे संगणकाची भाषा, लिहायची. चार हजार विहिरींतली कोणती ठेवायची, कोणती सिमेंटनं बुजवायची, हे तिनं लिहिलेलं फंक्शन, म्हणजे हिशेब करणारा तुकडा, ठरवायचं. खारटपणा लिटरला सहा ग्रॅमच्या वर गेला की विहीर बंद. फंक्शनकडं प्रत्येक आकडा नावानिशी जायचा: खोली इतकी, खारटपणा इतका. नाव असलं की क्रम मागंपुढं झाला तरी चालतं. पण एकेक करून सगळ्या विहिरी तपासायला दोन दिवस लागायचे, आणि तिच्या वरच्या मोन्सेफसाहेबांना यादी दुसऱ्याच दिवशी हवी होती. म्हणून तिनं काम संगणकात एकाच वेळी चालणाऱ्या आठ प्रोसेसना वाटलं. तशा वाटपात नावं जाईनात, नुसते आकडे जात. तिनं नावं काढली, आकडे तक्त्याच्या क्रमानं लावले. तक्ता अरबी, उजवीकडून सुरू होणारा. दिवसभर पायथन वाचणाऱ्या पोरीनं तो डावीकडून वाचला. साठ मीटर खोल विहीर साठ खारट ठरली. बुजवायच्या यादीत आकडे नव्हते, नुसती मालकांची नावं, म्हणून कुणाला कळलं नाही.

आठवड्यानं आमच्या शेजारचे हम्मादीकाका आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन कचेरीत आले. त्यांची विहीर यादीत होती.

"पी, पोरी. खारट लागतंय?"

"गोड आहे, काका."

"मग कागदाला जीभ नाही का तुमच्या?"

तासाभरात तिला चूक सापडली. प्रत्येक आकड्याला नाव परत चिकटवून, एका विहिरीचं सगळं एकाच पुडक्यात बांधून तिनं आठही प्रोसेस पुन्हा चालवल्या आणि नवी यादी साहेबांपुढं ठेवली.

"चूक माझी आहे. तसं लिहून देते."

"दे की. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठेवतो."

"साहेब, सिमेंटच्या गाड्या उद्या निघतायत."

"जुन्या यादीवर सही झालीय, बाई. आता मी काय सही चाटून पुसू?"

दुसरा कुणी असता तर गप्प घरी बसला असता. माझी बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नवी यादी घेऊन हम्मादीकाकांच्या विहिरीच्या काठावर उभी होती. गाडीबरोबर आलेल्या मुकादमानं ती नीट वाचली.

"ताई, तुमचं खरं असेल. पण यावर शिक्का नाही."

त्यानं तिला हाताला धरून बाजूला केलं. नऊपर्यंत विहीर सिमेंटनं भरून जमिनीला लागली. पाण्यावाचून वाळायच्या आत हम्मादीकाका वाफ्यातली मेंदीची रोपं उपटून टोपलीत भरत होते. दलेंदा त्यांच्या शेजारी बसून उपटू लागली.