आमच्या वासाचा अभ्यास

मॅडमनी रूम फ्रेशनर मारला. बैठक संपवून निघालेल्या आमच्या बायका अजून दारातच होत्या.

चपला शोधत होत्या. सगळ्यात मागं माझी गयामावशी, आईची सख्खी बहीण. फवारा तिच्या पाठीवर पडला. तिनं वळून पाहिलं. मॅडम तिच्याकडं बघून गोड हसल्या. आणि आणखी एकदा मारला.

हिंगोलीतल्या एका हॉटेलचा हॉल. साबण विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं घेतलेला. मॅडम त्या कंपनीच्या मार्केटिंगच्या, मुंबईहून आलेल्या. त्यांच्यासाठी सर्वे करणाऱ्या एजन्सीत मी कामाला. बी.कॉम. झाल्यावर मिळालेली पहिली नोकरी. काम असं, की कुरुंदा गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतून बायका आणायच्या, चहा-बिस्किट द्यायचं आणि त्यांना साबणाबद्दल बोलतं करायचं. कंपनीची माणसं शेजारच्या खोलीत एसीत बसून हे सगळं टीव्हीवर बघणार. बाईनं हात हलवला की लिहून घेणार. बिस्किट चहात बुडवलं तरी लिहून घेणार. याला ते ग्राहकाला समजून घेणं म्हणतात.

हळद शिजवायचे दिवस होते. बायका आंघोळ करून, धुतलेल्या साड्या नेसून आल्या होत्या. मावशीनं तर वंदनेला नेसायची पांढरी साडी काढलेली. पण शिजवलेल्या हळदीचा वास एका आंघोळीत अंगातून जात नाही. मॅडमना तो सोसला नाही. आणि त्यांच्याच टेबलावर त्यांच्याच कंपनीचा हळद-चंदनाचा साबण ठेवलेला. हळद बाईच्या हाताला लागली की घाण. वेष्टनावर छापली की निसर्ग. एवढी यांची अक्कल, आणि एवढ्या अकलेवर विमानानं फिरतात.

त्या बैठकीत मावशी एक गोष्ट बोलून गेली होती. मी विचारलं होतं, वासावरून कधी कुणी काही बोललं का? प्रश्न कंपनीनंच दिलेला. मावशी म्हणाली, "बोलले की. जवान होते तवा एका मालकाच्या मळ्यात हळदीला जायचे. भाकर खायच्या टायमाला मालकीण म्हणायची, लांब बस, वास येतो. बाकीच्या बाया बी हळदीतूनच उठून आलेल्या. त्या बसायच्या तिच्याजवळ. मी एकटीच बांधावर."

हॉलमधल्या एकूण एक बाईला कळलं, मालकिणीला कसला वास येत होता ते. टीव्हीपुढच्या शहाण्यांना मात्र भलतंच कळलं.

बायका गेल्यावर मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'वास म्हणजे अंतर.' "सोनं सापडलं," म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग त्यांनी आमच्या जिल्ह्याच्या फोडी केल्या. पैसेवाल्यांना सुगंध विकायचा. शिकलेल्यांना त्वचेची काळजी विकायची. राहिली वस्ती. वस्तीला लाज विकायची. लाज हा शब्द त्यांनी वापरला नाही. त्या 'आत्मविश्वास' म्हणाल्या. जाहिरातीची ओळही तिथंच ठरली. 'आता बसा सगळ्यांच्या जवळ.'

पिढ्यान् पिढ्या आम्हाला बांधावर बसवलं. त्याचं कारण यांना चहा थंड व्हायच्या आत सापडलं. आम्ही चांगला साबण लावत नव्हतो!

मी म्हणाले, "मॅडम, मावशीला वासामुळं लांब नाही बसवलं. जातीमुळं बसवलं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "अगं, आपल्याला पॉलिटिकल नाही व्हायचं. ब्रँड पॉझिटिव्ह ठेवायचाय." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाल्या, "आणि तू किती नीटनेटकी आहेस. त्यांच्यातली वाटतच नाहीस."

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. माझे एजन्सीचे साहेब हसले. मी हसले नाही. चहाचे कप गोळा करायला लागले.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन सगळे कुरुंद्याला आले. मावशीला तिच्याच अंगणात खुर्चीवर बसवलं. पांढरी साडी नको म्हणाले, कॅमेऱ्यात गरीब दिसत नाही. जुनं लुगडं नेसायला लावलं. साहेबांनी तिला वाक्य सांगितलं, "असं म्हणा मावशी, हा साबण लावला आणि मालकिणीनं मला जवळ बसवलं."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "हे काय म्हणून राहिले गं? तिनं कवा जवळ बसवलं मला?"

"फक्त जाहिरातीसाठी आहे," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई बाई. मी तवा बी रोज आंघोळ करूनच जायचे. आता म्या खोटी घाण काहून अंगाला लावून घेऊ?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मला बाजूला घेतलं. "समजाव ना तुझ्या लोकांना. तुझं ऐकतील."

तुझ्या लोकांना. हॉटेलात मी त्यांच्यातली वाटत नव्हते. आता वाक्य वदवून घ्यायचं होतं, तर लोक माझे झाले.

मी मावशीजवळ गेले. तिच्या पदराला लावलेला माईक काढला. मॅडमच्या हातात दिला. म्हणाले, "हे माझेच लोक हायेत. अन् मी त्यांच्यातलीच हाये. मावशी न्हाई म्हणली, म्हणजे न्हाई. तुमचा साबण त्या मालकिणीच्या घरी घेऊन जा. मळ तिथं हाये."

मॅडम खरंच गोंधळल्या. चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. म्हणाल्या, "पण ते या साबणाचे टार्गेट ग्राहकच नाहीत."

मला हसू फुटलं. इतकं, की साहेब घाबरले. एवढे शिकलेले लोक, एवढा सर्वे, आणि या बाईला आपण काय बोलून गेलो तेही कळलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत मला या लोकांची भीती वाटायची. त्यांच्या बोलण्याची, लॅपटॉपची, मुंबईची. ती तिथंच, मावशीच्या अंगणात संपली.

"उद्यापासून येऊ नको," साहेब म्हणाले.

"आजच न्हाई येत," मी म्हणाले.

जाहिरात त्यांनी केलीच. कुठल्याशा गोऱ्या नटीला काळा रंग फासून तिच्या तोंडी ते वाक्य घातलं. पावसाळा सरता सरता भोंगा लावलेली गाडी कुरुंद्यात आली. बाजारात थांबली नाही, मोठ्या आळीत थांबली नाही. सरळ आमच्या विहारापुढं उभी राहिली. फुकट साबण वाटायला. भोंग्यातून तीच ओळ. मावशी पुढं झाली. गाडीवरच्या माणसाला म्हणाली, "बाबा, तुझी काही चूक न्हाई. पण हे बंद कर अन् गाडी वळव." एकाही बाईनं हात पुढं केला नाही. गाडी वळली.

एजन्सी दुसरी पोरगी शोधेल. शोधलीही असेल, हट्टा गावात नाहीतर आणखी कुठं. म्हणून मी आता गावोगावच्या महिला मंडळांत जाऊन उघड सांगते. तुम्हाला चहा पाजून काय विचारतात, टीव्हीवर कोण बघतं, आणि तुमच्या तोंडून निघालेल्या दुखण्याची पुढं जाहिरातीची ओळ कशी होते. साबण घ्यायचा तर घ्या, न्हाई तर नका घेऊ. पण आपला अपमान कुणाला विकायला देऊ नका. मी तर देणार नाही. आमच्या वस्तीत शिरायची वाट मी यापुढं एकाही कंपनीला दाखवणार नाही. ती शोधत कुणी आलंच, तर पहिल्या घराच्या दारात मी उभी असेन, आणि प्रश्न मी विचारीन.